डीईएफ सेन्सरचा बिघाड शोधताना: द्रावणापासून कनेक्टरपर्यंतची क्रमवार तपासणी

डिझेल गाडीच्या डॅशबोर्डवर डीईएफचा (डिझेल एक्झॉस्ट फ्लुइड, म्हणजे एक्झॉस्टमध्ये फवारल्या जाणाऱ्या युरियाच्या द्रावणाचा) दिवा लागला, स्कॅनरवर युरियाच्या टाकीतील सेन्सरचा कोड दिसला आणि सेन्सर बदलून टाकला, की काम झाले असे बरेचदा धरले जाते. पुष्कळ वेळा तोच कोड थोड्या दिवसांत परत येतो, कारण मुळात सेन्सर बिघडलेलाच नसतो. हा भाग स्वस्त नाही. कित्येक गाड्यांत तो हीटर, गाळणी आणि नळ्यांसह एकसंध युनिट म्हणूनच मिळतो, आणि तो बदलण्यासाठी टाकी रिकामी करावी लागते. शिवाय दोष कायम राहिला तर इंजिनाची ताकद टप्प्याटप्प्याने कमी केली जाते आणि शेवटी गाडी जेमतेम रांगू लागते. म्हणून या लेखात तपासणीचा एक क्रम मांडला आहे. त्यामागचा आग्रह एवढाच की सेन्सरवर दोष ठेवण्याआधी त्याने सांगितलेले माप आपण स्वतंत्रपणे, स्वतःच्या हाताने मोजून पाहिलेले असावे.

सेन्सर नेमके काय मोजतात

डीईएफ म्हणजे ३२.५ टक्के युरिया आणि ६७.५ टक्के क्षारविरहित पाणी यांचे द्रावण. गरम एक्झॉस्टमध्ये ते फवारले की युरियापासून अमोनिया तयार होतो, आणि एससीआर कॅटॅलिस्टमध्ये (ही रासायनिक क्रिया घडवणाऱ्या एक्झॉस्टमधील भागात) हा अमोनिया नायट्रोजन ऑक्साइडांचे रूपांतर नायट्रोजन आणि पाण्याची वाफ यांत करतो. द्रावण पातळ असेल तर अमोनिया कमी पडतो. त्यामुळे टाकीतील द्रावण किती आहे, किती गरम आहे आणि योग्य आहे का, या तिन्ही गोष्टींवर इसीयूला (इंजिनाचे नियंत्रण करणाऱ्या संगणकाला) सतत लक्ष ठेवावे लागते.

जुन्या किंवा साध्या रचनेत पातळी मोजण्यासाठी तरंगणारा फ्लोट असतो आणि तापमानासाठी थर्मिस्टर (तापमानाप्रमाणे रोध बदलणारा घटक) असतो. अलीकडच्या बहुतेक युनिटमध्ये ध्वनिलहरींचा वापर होतो. खालून सोडलेली लहर द्रावणाच्या पृष्ठभागावर आदळून परत यायला किती वेळ लागला यावरून पातळी ठरते, आणि दुसरी लहर ठरावीक अंतर किती वेळात कापते यावरून युरियाचे प्रमाण ठरते. २० अंश सेल्सियसला शुद्ध पाण्यात ध्वनीचा वेग सेकंदाला साधारण १४८० मीटर असतो. युरिया मिसळल्यावर तो वाढतो. मात्र हा वेग तापमानानेही बदलतो, म्हणून तापमानाचे माप चुकले की गुणवत्तेचे मापही आपोआप चुकते. गुणवत्तेचा कोड आला असताना तापमानाची ओळ न पाहणे ही त्यामुळेच मोठी उणीव ठरते.

या रचनेतून निघणाऱ्या दोन मर्यादा पक्क्या लक्षात ठेवाव्यात. लहरीच्या वाटेत हवेचे बुडबुडे आले तर माप भरकटते. तसेच हा सेन्सर प्रमाण पाहतो, शुद्धता पाहत नाही. आयएसओ २२२४१ या मानकानुसार कॅल्शियमचे प्रमाण किलोग्रॅममागे ०.५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त चालत नाही, पण त्याच्या कित्येक पट क्षार असलेले द्रावणही सेन्सरला ३२.५ टक्केच वाटू शकते. स्कॅनरवर आकडा बरोबर दिसला म्हणून द्रावण निर्दोष ठरत नाही.

कोड पुसण्याआधी

पहिले काम म्हणजे सर्व कोड, ते सक्रिय आहेत की जुने, किती वेळा आले, आणि कोड नोंदला गेला त्या क्षणीची फ्रीझ फ्रेम माहिती लिहून किंवा छायाचित्र काढून ठेवणे. कोड पुसला की ही माहितीही बहुतेक वेळा पुसली जाते आणि दोष केव्हा, किती तापमानाला, टाकी किती भरलेली असताना आला हे कळण्याचा मार्ग बंद होतो.

हलक्या गाड्यांत पी२०३ए ते पी२०३डी हे कोड पातळीच्या सेन्सरचे, पी२०५ए ते पी२०५डी टाकीतील तापमान सेन्सरचे आणि पी२०६ए पासून पुढचे गुणवत्ता सेन्सरच्या सर्किटचे असतात. जड वाहनांत दोष कशाचा आहे हे एसपीएन क्रमांक सांगतो: एसपीएन १७६१ म्हणजे पातळी, ३०३१ म्हणजे टाकीचे तापमान आणि ३३६४ म्हणजे गुणवत्ता. तिथे एसपीएनसोबतचा, दोषाचा प्रकार सांगणारा एफएमआय क्रमांकच खरा वाटाड्या असतो. ३ म्हणजे व्होल्टेज प्रमाणापेक्षा जास्त, ४ म्हणजे कमी, ५ म्हणजे सर्किट तुटलेले असण्याची शक्यता. हे तिन्ही वायरिंगकडे नेतात. ९ म्हणजे सेन्सरकडून संदेश वेळेवर येत नाहीत, म्हणजे वीजपुरवठा किंवा कॅन लाइन (सेन्सर आणि इसीयू यांच्यात संदेश नेणारी दोन वायरींची जोडी) पाहावी. २ म्हणजे माप अस्थिर आहे, आणि १ किंवा १८ म्हणजे माप मिळते आहे पण ते प्रमाणापेक्षा कमी आहे. १ किंवा १८ असेल तेव्हा सेन्सर खरे सांगत असण्याची शक्यता सर्वांत जास्त असते.

येथे एका गैरसमजाकडे मुद्दाम लक्ष वेधावेसे वाटते. पी२०७एफ किंवा एसपीएन ४०९४ यांच्या वर्णनात ‘गुणवत्ता’ हा शब्द येतो, पण अनेक गाड्यांत हे कोड टाकीतल्या सेन्सरवरून ठरतच नाहीत. कॅटॅलिस्टच्या आधी आणि नंतर बसवलेल्या नॉक्स सेन्सरच्या (नायट्रोजन ऑक्साइड मोजणाऱ्या सेन्सरच्या) मापांतून रूपांतर किती झाले हे इसीयू काढतो आणि ते अपेक्षेपेक्षा कमी असेल तर द्रावण निकृष्ट असल्याचा निष्कर्ष काढतो. अशा वेळी दोष तुंबलेल्या डोझरमध्ये (एक्झॉस्टमध्ये द्रावण फवारणाऱ्या भागात), एक्झॉस्टच्या गळतीत, नॉक्स सेन्सरमध्ये किंवा थकलेल्या कॅटॅलिस्टमध्ये असू शकतो. टाकीतले युनिट बदलून या कोडवर काहीही परिणाम होत नाही. म्हणून कंपनीच्या दुरुस्ती पुस्तिकेत तो कोड कोणत्या अटींवर लागतो हे वाचल्याशिवाय पुढे जाऊ नये.

आधी द्रावण तपासावे

हातमोजे आणि डोळ्यांवर चष्मा घालून टाकीचे झाकण उघडावे. द्रावण रंगहीन आणि नितळ असले पाहिजे, अमोनियाचा किंचित वास चालतो. टॉर्च तिरकी धरून पृष्ठभाग पाहावा. इंद्रधनुषी तवंग किंवा तेलकट थर दिसला तर टाकीत डिझेल गेले आहे. डिझेल हलके असल्याने वर तरंगते, त्यामुळे तळातून घेतलेला नमुना स्वच्छ दिसू शकतो. वरच्या थराचा नमुना वेगळा घ्यावा. डिझेलने रबरी सील फुगतात आणि पंप, नळ्या, डोझर असा सगळा मार्ग बाधित होतो. हे निश्चित झाले तर इग्निशनही चालू न करता काम थांबवून संपूर्ण यंत्रणेची साफसफाई आणि भाग बदलण्याचा विचार करावा लागतो. इग्निशन चालू केल्याने काही गाड्यांत पंप सुरू होऊन दूषित द्रावण पुढे ढकलले जाते.

त्यानंतर रिफ्रॅक्टोमीटर, म्हणजे प्रकाशाच्या वक्रीभवनावरून द्रावणाचे प्रमाण दाखवणारे साधन. हे उपकरण डीईएफसाठीचेच असावे आणि त्यात तापमानाची भरपाई आपोआप होणारी सोय असावी. बॅटरी किंवा कूलंटचे रिफ्रॅक्टोमीटर येथे चालत नाही. काच डिस्टिल्ड पाण्याने धुऊन मऊ कापडाने कोरडी करावी, त्याच पाण्याचे दोन थेंब टाकून रेषा शून्यावर येते का पाहावे आणि येत नसेल तर स्क्रूने जुळवून घ्यावी. मग स्वच्छ प्लास्टिकच्या पिपेटने टाकीतील नमुना घेऊन काचेवर टाकावा, झाकण बसवताना हवा अडकू देऊ नये, आणि नमुना व उपकरण यांचे तापमान सारखे होण्यासाठी अर्धा मिनिट थांबून मगच निळ्या-पांढऱ्या सीमेवरचा आकडा वाचावा. ३१.८ ते ३३.२ टक्के ही मानकातील मर्यादा आहे. नमुना घेताना वापरलेले भांडे आधी नळाच्या पाण्याने धुतलेले आणि ओले असेल तर माप तिथेच बिघडते.

आता हा आकडा स्कॅनरवरच्या आकड्याशेजारी ठेवावा. रिफ्रॅक्टोमीटर २७ दाखवतो आणि सेन्सरही २७ च्या आसपास सांगतो, तर सेन्सर निर्दोष आहे आणि द्रावण बदलायचे आहे. रिफ्रॅक्टोमीटर ३२.५ दाखवत असताना सेन्सर २२ सांगत असेल, तर शोध पुढे न्यावा. एवढ्या एका तुलनेने निम्मा प्रश्न सुटतो, म्हणून ती कधीही वगळू नये.

द्रावणाचे वय हाही महत्त्वाचा मुद्दा आहे. सतत २५ अंशांपर्यंत साठवलेले डीईएफ साधारण १८ महिने टिकते, ३० अंशांना १२ आणि ३५ अंशांना ६ महिने. कित्येक महिने उभ्या राहिलेल्या गाडीच्या टाकीतील द्रावणाकडे म्हणूनच संशयाने पाहावे. प्रमाण वाढलेले आढळले, म्हणजे ३४ किंवा ३५ टक्के, तर पाणी उडून गेले आहे. यामागे टाकी गरम करणाऱ्या कूलंट व्हॉल्व्हचा दोष असू शकतो. हा व्हॉल्व्ह उघडाच अडकला तर इंजिनाचे गरम कूलंट सतत टाकीतून फिरत राहते, द्रावण तापते, बुडबुडे सुटतात आणि पातळी, तापमान, गुणवत्ता असे तिन्ही कोड एकदम येतात. तीन कोड पाहून युनिट मेले असे वाटते, पण बिघाड एका व्हॉल्व्हचा असतो. गाडी चालून आल्यावर टाकीकडे जाणाऱ्या कूलंटच्या नळीचे तापमान दुरूनच मोजणाऱ्या तापमानमापकाने पाहिले की हे कळते.

थंड गाडीवरची तुलना

गाडी रात्रभर उभी राहू द्यावी. सकाळी इंजिन सुरू न करता फक्त इग्निशन चालू करून टाकीचे तापमान, बाहेरच्या हवेचे, कूलंटचे आणि एक्झॉस्टमधील सेन्सरांचे तापमान एकाच पानावर पाहावे. सगळी मापे काही अंशांच्या फरकाने जवळपास असली पाहिजेत. टाकीचा आकडाच एकटा दूर असेल तर तापमानाचा दोष पक्का होतो आणि गुणवत्तेचा कोडही बहुधा त्याच्याच पोटातून आलेला असतो. या चाचणीला कोणतेही वेगळे साधन लागत नाही, तरी ती फार क्वचित केली जाते याचे वाईट वाटते.

डीईएफ उणे ११ अंशांना गोठते. त्याखालच्या थंडीत पातळी किंवा गुणवत्ता न दिसणे हे नेहमीच बिघाडाचे लक्षण नसते. हीटरने द्रावण वितळल्यावर माप परत येते का हे आधी पाहावे. ते येतच नसेल तर हीटरचा फ्यूज, रिले आणि रोध तपासावा.

वीजपुरवठा, अर्थ आणि कनेक्टर

येथून पुढे वायरिंगला हात लावायचा आहे, म्हणून एक खबरदारी. इग्निशन बंद केल्यावर पंप नळ्यांतील द्रावण उलटे ओढून टाकीत परत घेतो आणि यास एक-दोन मिनिटे किंवा काही गाड्यांत त्याहून जास्त वेळ लागतो. पंपाचा आवाज थांबण्याआधी बॅटरी तोडली तर द्रावण डोझरमध्येच राहून त्याचे स्फटिक होतात आणि तपासणीतूनच नवा बिघाड जन्माला येतो.

युनिटचा कनेक्टर काढून प्रकाशात नीट पाहावा. पिनांच्या मुळाशी पांढरी भुकटी किंवा हिरवट थर दिसला तर आत द्रावण शिरले आहे. डीईएफ तांब्याला खाते आणि वायरच्या बारीक तारांमधून दिव्याच्या वातीतल्या तेलासारखे वर चढत जाते. त्यामुळे कनेक्टर धुऊन पुसला तरी इन्सुलेशनच्या आत गंज पुढे सरकलेला असू शकतो. अशी वायर बोटांनी दाबून पाहिली की ती कडक किंवा फुगीर लागते. खराब भाग कापून चकाकते तांबे दिसेपर्यंत मागे जावे आणि तिथूनच नवीन वायर जोडावी. कनेक्टर साफ करण्यासाठी कोमट क्षारविरहित पाणी वापरावे, कमी दाबाच्या हवेने पूर्ण कोरडा करावा. ब्रेक क्लीनरसारख्या रसायनांनी सील खराब होतात आणि युरिया त्यात विरघळतही नाही.

चार वायरींच्या युनिटमध्ये सहसा एक वीजपुरवठ्याची, एक अर्थची आणि दोन कॅन लाइनच्या असतात. नुसत्या मल्टीमीटरने व्होल्टेज मोजून समाधान मानू नये, कारण एका तारेवर टिकून असलेली वायरही भार नसताना पूर्ण व्होल्टेज दाखवते. पुरवठा थेट बॅटरी व्होल्टेजचा आहे याची वायरिंग आकृतीवरून खात्री करून घ्यावी, मग पुरवठा आणि अर्थ यांच्यात गाडीच्या व्होल्टेजला साजेसा ५ वॉटचा बल्ब जोडावा. बल्ब जळत असताना अर्थची पिन आणि बॅटरीची ऋण बाजू यांच्यात व्होल्टेज मोजावे. ते ०.१ ते ०.२ व्होल्टपेक्षा जास्त असेल तर अर्थचा मार्ग कमकुवत आहे. इसीयूकडून येणाऱ्या ५ व्होल्टच्या वायरवर मात्र बल्ब कधीही लावू नये. पुरवठाच मिळत नसेल तर फ्यूज आणि रिले पाहावेत. बहुतेक रचनांत त्याच फ्यूजवर नॉक्स सेन्सर किंवा पंपही असतो, त्यामुळे त्यांचेही कोड सोबत आले आहेत का हे कोडच्या यादीतूनच समजते.

जुन्या पद्धतीच्या दोन वायरींच्या तापमान सेन्सरची परीक्षा अगदी सोपी आहे. कनेक्टर काढल्यावर स्कॅनरवरचे तापमान एका टोकाला, म्हणजे अतिशय थंड आकड्यावर जायला हवे, आणि दोन पिना जंपरने जोडल्यावर दुसऱ्या टोकाला, अतिशय गरम आकड्यावर. दोन्ही टोके मिळाली तर वायरिंग आणि इसीयू ठीक आहेत, दोष सेन्सरमध्येच आहे. एखादे टोक मिळाले नाही तर सेन्सर निर्दोष समजून हार्नेस (वायरींचा जुडगा) तपासावा. ही युक्ती कॅनवर बोलणाऱ्या युनिटवर करू नये.

कॅन लाइन

बॅटरी तोडलेल्या अवस्थेत कॅन हाय आणि कॅन लो यांच्यात ६० ओहमच्या आसपास रोध मिळाला पाहिजे. १२० ओहम मिळाले तर एका बाजूचा टर्मिनेटर (लाइनच्या टोकाचा रोध) किंवा त्याकडे जाणारी वायर तुटलेली आहे. शून्याजवळ मिळाले तर दोन्ही वायरी एकमेकींना चिकटल्या आहेत. काही युनिटमध्ये टर्मिनेटर आतच असतो, त्यामुळे युनिट जोडलेले असताना मोजायचे की काढून, हे आकृतीवरून ठरवावे. इग्निशन चालू असताना अर्थच्या संदर्भात कॅन हाय २.५ व्होल्टच्या थोडे वर आणि कॅन लो थोडे खाली दिसते. रोध आणि व्होल्टेज दोन्ही बरोबर असून कोड अधूनमधूनच येत असेल, तर थेट माप पाहत हार्नेस चेसिसच्या वळणांजवळ, क्लिपांपाशी आणि टाकीच्या पट्ट्याखाली हळूहळू हलवून पाहावा. घासलेल्या जागा बहुधा तिथेच सापडतात.

युनिट बाहेर काढून पाहणे

इतके सगळे बरोबर निघाले तरच युनिट काढावे. टाकी रिकामी करून झाकणाच्या भोवतीची माती आधी धुवावी, नाहीतर ती सरळ आत पडते. फ्लोट असल्यास तो दांडीवर वरखाली मोकळा सरकतो का पाहावे. स्फटिकांनी अडकलेला फ्लोट कोमट क्षारविरहित पाण्यात काही वेळ बुडवला की सुटतो. ध्वनिलहरींच्या युनिटमध्ये खालच्या टोकाच्या छोट्या मोजणीच्या खाचेत गाळ, स्फटिक किंवा अडकलेला बुडबुडा असू शकतो. खाचेभोवतीची जाळी फाटलेली असेल तर गाडी हलताना हिंदकळणाऱ्या द्रावणातील हवा आत शिरते, आणि भरणी केल्यावर किंवा खडबडीत रस्त्यावरच कोड येतो, उभ्या गाडीत येत नाही. हा नमुना ओळखता आला तर बराच वेळ वाचतो.

निकाल देण्यापूर्वी एक निर्णायक चाचणी करावी. स्वच्छ प्लास्टिकच्या बादलीत सीलबंद कॅनमधील ताजे डीईएफ घ्यावे, युनिटचे टोक गाडीचाच कनेक्टर जोडून त्यात बुडवावे, हलकेच हलवून बुडबुडे सोडवावेत आणि दहा-पंधरा मिनिटे स्थिर ठेवून स्कॅनरवर माप पाहावे. या वेळात पंप चालणार नाही हे पाहावे, म्हणजे इंजिन सुरू करू नये. तापमान बादलीतील थर्मामीटरशी जुळले आणि प्रमाण ३२.५ च्या आसपास स्थिरावले तर युनिट चांगले आहे आणि दोष टाकीत, द्रावणात किंवा गरम होण्यात आहे. ताज्या द्रावणातही माप चुकीचे किंवा अस्थिर राहिले, तर युनिट बदलण्याचा निर्णय पूर्ण आधारावर घेतला असे म्हणता येते.

बदलानंतर

काही गाड्यांत नवीन युनिट इसीयूला ओळखून द्यावे लागते. गुणवत्तेचा आणि ताकद कमी करण्याचा कोड नुसता पुसून जात नाही. इसीयू स्वतः योग्य माप पाहून खात्री करतो, आणि त्यासाठी स्कॅनरमधील ठरावीक प्रक्रिया किंवा काही काळ प्रत्यक्ष चालवणे आवश्यक असते. कोड नॉक्सच्या रूपांतरावर आधारलेला असेल तर डोझरची फवारणी मोजून पाहावी. डोझर काढून मोजपात्रात सोडला जाणारा द्रव पुस्तिकेतील मापाशी ताडावा. एक्झॉस्टमधील शेवटचा नॉक्स सेन्सर अमोनियालाही प्रतिसाद देतो, म्हणून जास्त फवारणी झाली तरी तिथे नॉक्स वाढल्यासारखे दिसते हे या टप्प्यावर विसरू नये.

रिफ्रॅक्टोमीटरचा आकडा, थंड गाडीवरची तापमाने आणि अर्थवरचे व्होल्टेज जॉब कार्डवर लिहून ठेवावे. गाडी परत देण्याआधी चाचणी ज्या परिस्थितीत कोड आला होता त्याच परिस्थितीत घ्यावी. भरणीनंतर येणारा दोष टाकी भरूनच तपासावा, सकाळच्या थंडीत येणारा दोष सकाळीच, आणि लांबच्या धावेनंतर येणारा दोष तितकी धाव पूर्ण करून.